माझ्या हातानं नातवाचं डोकं लांबट झालं का?

पत्र : डॉक्टरबाई, आम्ही तासगाव तालुक्यातले. नातू साडेचार महिन्यांचा झाला, पहिलाच. जन्मला तेव्हापासून डोकं लांबट, कपाळ पुढं आलेलं आणि दोन्ही कानशिलांकडं चेपल्यागत. मधोमध हाताला कड लागते. पाचवी झाल्यापासून मीच अंघोळ घालते, तेल लावून डोकं गोल करते, मोहरीची उशीही शिवली. फरक नाही. डोस द्यायला नेलं तर सांगलीच्या डॉक्टरांनी टाळू चाचपली आणि मिरजेला स्कॅन करायला लावला. आता म्हणतात डोक्याचा मधला सांधा आधीच जुळलाय, ऑपरेशन लागेल, पुण्याला दाखवा. सून रडतीय. शेजारणी म्हणतात तिनं ग्रहण पाळलं नाही. दीर म्हणतात तीन वर्षांचा होऊ दे, मग बघू. जावळ पालीच्या खंडोबाला काढायचं बोललोय, त्याचं काय? बाळ दूध पितंय, हसतंय. मग एवढ्याशा जिवाची कवटी कापायची कशाला? का माझ्याच हातानं काही झालंय? यंदा द्राक्षानंही काही दिलं नाही. — एक आजी

आक्का, नमस्कार.

आधी तुमच्या हाताचं बोलू, कारण झोप त्यानंच उडालीय. नाही, तुमच्या हातानं काहीही झालेलं नाही. डोकं जन्मल्यापासून लांबट होतं हे तुम्हीच लिहिलंय, आणि तुमचा हात लागला पाचवीनंतर. पुढच्या टाळूपासून मागच्या टाळूपर्यंत कवटीच्या मधोमध एक सांधा जातो, तो या बाळाचा जुळलाय. हे जुळणं बहुतेक वेळा आईच्या पोटातच सुरू होतं. डॉक्टर याला क्रॅनिओसिनोस्टोसिस म्हणतात. कवटीचे सगळे सांधे धरले तर साधारण दोन ते अडीच हजार बाळांमागे एकाला हे असतं. त्यातही मधला सांधा जुळण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त, आणि ते मुलींपेक्षा मुलग्यांत तिप्पट-चौपट. एकच सांधा जुळलाय आणि बाकी बाळ ठीक आहे, अशा वेळी बहुतेकदा कारण सापडत नाही.

ग्रहणाचं तर मनातूनच काढून टाका. ग्रहण लागतं ते सगळ्या तालुक्याला एकदमच लागतं. त्या दिवशी गावोगावी कितीतरी गरोदर बायका स्वयंपाक करत होत्या, भाजी चिरत होत्या, रानात होत्या. त्यांची बाळं ठणठणीत आहेत. तुमच्या सुनेनं काही खाल्लं, काही कापलं, कुठं गेली म्हणून हे झालेलं नाही. शेजारणींना हे तुम्ही सांगा. सुनेनं सांगितलं तर उलट उत्तर होतं, सासूनं सांगितलं की विषय संपतो.

आता हे डोकं असं का वाढतं ते सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. बाळाची कवटी अखंड नसते. चार-पाच मोठ्या हाडांच्या पाट्या आणि त्यांच्यामध्ये सांधे असतात. आतून मेंदू वाढतो तशा पाट्या सरकतात आणि सांध्याच्या कडेनं नवं हाड धरतं. जन्मताना डोक्याचा घेर ३४-३५ सेंटिमीटर असतो आणि वर्षाच्या आत तो ४५-४६ वर जातो. आयुष्यात पुन्हा कधी डोकं एवढ्या वेगानं वाढत नाही. मधला सांधा बंद असला की डोक्याला रुंदीकडं वाढता येत नाही. पण मेंदू वाढायचा थांबत नाही. बांध घातला की पाणी जिकडं वाट मिळेल तिकडं जातं, तसा तो पुढं कपाळाकडं आणि डोक्याच्या मागच्या बाजूकडं जागा करून घेतो. जुळलेल्या सांध्याला काटकोनात वाढ थांबते आणि त्याच्या दिशेनं वाढते, हे फिर्शो नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८५१ सालीच मांडलं होतं.

यातूनच एक घोटाळा होतो, तो तुमच्या अंगणवाडीताईंच्याही कानावर घाला. टेपनं घेर मोजला तर अशा बाळाचा घेर बरोबर भरतो, कधी थोडा जास्तच भरतो, कारण रुंदी कमी आणि लांबी जास्त. तक्त्यात माप बसलं म्हणजे डोकं ठीक, असं धरून चालत नाही. बाळाला मांडीवर घेऊन वरून बघायचं आणि मधोमध बोट फिरवायचं. तुमच्या बोटांना कड लागली, ती खूण खरी होती.

तेल लावून डोकं गोल करण्याबद्दल स्पष्ट सांगते, राग मानू नका. जुळलेलं हाड हातानं सुटत नाही. कितीही दिवस दाबलं तरी नाही. उशीनंही नाही. आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या डोक्याखाली उशी मुळीच नसावी, मोहरीची नको आणि कापसाचीही नको. तोंड रुतून श्वास कोंडायची भीती असते. अंगाला तेल लावा, हातपाय चोळा, टाळूवर तेलाचा हात फिरवला तरी हरकत नाही. डोकं दाबणं मात्र आजपासून बंद.

मग गावातल्या अमक्याच्या नातवाचं डोकं मालिशनं कसं सुधारलं, असं कोणीतरी विचारेलच. ते डोकं वेगळं. एकाच कुशीवर किंवा सतत उताणं झोपून मागची एक बाजू चपटी होते. त्या बाजूचा कान थोडा पुढं सरकलेला दिसतो, हाताला कड लागत नाही, सांधे उघडे असतात. अशी बाळं पुष्कळ असतात आणि त्यांना ऑपरेशन लागत नाही. जागं असताना पोटावर खेळवलं, कूस बदलत राहिलं, मान एका बाजूला आखडलेली असेल तर तिचे व्यायाम केले की बहुतेकांचं डोकं भरून येतं. त्यांचं डोकं मालिशनं नाही, वाढीनं सुधारतं. तुमच्या नातवाचा सांधा बंद असल्यानं वाढीनं ते सुधारणार नाही, उलट लांबी वाढत जाईल.

आता तुमच्या दीरांचं म्हणणं. काळजीपोटी बोलतायत ते, पण तीन वर्षं थांबण्यात बाळाचं नुकसान आहे. तान्ह्या बाळाचं हाड पातळ आणि लवचीक असतं. मेंदूवरच्या जाड आवरणात या वयात नवं हाड तयार करायची ताकद असते, त्यामुळं ऑपरेशनमध्ये ठेवलेल्या फटी काही महिन्यांत आपोआप भरतात. वर्ष-दीड वर्षानंतर ती ताकद कमी होत जाते. हाड जाड होतं, फटी तशाच राहू शकतात, ऑपरेशन मोठं होतं. आणि तेवढ्या अवधीत मेंदूची सगळ्यात जोराची वाढ होऊन गेलेली असते.

बाळ हसतंय, दूध पितंय याचा मलाही आनंद आहे. पण एक सांधा जुळलेल्या काही थोड्या मुलांत आतला दाब हळूहळू वाढतो आणि तो बराच काळ बाहेर दिसत नाही. डोळ्यामागच्या नसेवर सूज येते, तीही बाळ सांगू शकत नाही. म्हणून पुण्याला जायच्या आधी किंवा तिथं पोचल्यावर बाळाचा डोळ्याचा पडदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. ही तपासणी कुणी लिहून दिली नसेल तर तुम्ही मागा.

मिरजेचा स्कॅन झालाय ते बरं झालं. त्याची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्टचा कागद नको, म्हणजे पुन्हा स्कॅन करून बाळाला जादा किरणं लागणार नाहीत. निदान पक्कं असणं किती महत्त्वाचं ते जुन्या इतिहासात दिसतं. १८९०च्या सुमारास पॅरिसमध्ये लानलोंग आणि सॅन फ्रान्सिस्कोत लेन या सर्जननी बाळांच्या कवट्या उघडायला सुरुवात केली. पण त्यातली बरीच बाळं वेगळ्याच दुखण्याची होती. त्यांचा मेंदूच वाढत नव्हता, म्हणून कवटी लहान राहिली होती. कवटी उघडून त्यांना काही उपयोग झाला नाही, आणि कित्येक दगावली. न्यूयॉर्कचे मुलांचे डॉक्टर जेकोबी यांनी १८९४ साली याविरुद्ध कडक शब्दांत आवाज उठवला आणि पुढं कित्येक वर्षं हे ऑपरेशन मागं पडलं. आज कोणत्या बाळाला फायदा होतो आणि कोणत्याला नाही हे नीट कळतं. तुमचा नातू फायदा होणाऱ्यांतला आहे.

तिथले डॉक्टर बाळाची बोटं, डोळे, चेहरा, छातीही बघतील. बोटं जुळलेली असली, डोळे फार बाहेर आलेले असले, एकापेक्षा जास्त सांधे बंद असले तर तो जनुकांचा आजार असू शकतो आणि उपचार लांबतात. तुमच्या पत्रात तसं काही नाही. नुसता मधला सांधा असेल तर पुढच्या बाळाला हेच होण्याची शक्यता कमी असते, हेही सुनेला सांगा. तिच्या मनात ते आलंच असेल.

ऑपरेशनमध्ये नक्की काय करतात? कवटी कापायची म्हटलं की मेंदू कापतात असं वाटतं. तसं नाही. हाडाखाली मेंदूचं जाड आवरण असतं, ते उघडत नाहीत. काम हाडावरच होतं. दोन रीती आहेत. एक दुर्बिणीची : डोक्यावर दोन लहान छेद देऊन जुळलेल्या सांध्याची पट्टी काढतात. रक्त कमी जातं, मुक्काम थोडा. पण ते साधारण सहा महिन्यांच्या आत, शक्यतो तीन-चार महिन्यांच्या सुमारास करतात. त्यानंतर डोक्याला आकार देणारं हेल्मेट काही महिने, दिवसाचे जवळजवळ २३ तास घालायचं असतं आणि ते पुन्हा पुन्हा जाऊन नीट बसवून घ्यावं लागतं. तासगावहून ते जमेल का, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाळ ते सोसेल का, याचा घरात विचार करा. दुसरी उघडी रीत : सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत नागमोडी छेद घेतात, म्हणजे पुढं केसांत व्रण झाकून जातो. हाडाचे भाग काढून, त्यांना आकार देऊन परत बसवतात आणि विरघळणाऱ्या पट्ट्यांनी किंवा टाक्यांनी धरतात. तीन-चार तास सहज लागतात. हेल्मेट नको. तुमचा नातू साडेचार महिन्यांचा आहे, म्हणजे दुर्बिणीची वेळ अजून गेलेली नाही, पण सरत चाललीय. म्हणून पुण्याची भेट याच आठवड्यात घ्या. कोणती रीत हे तिथले सर्जन ठरवतील, पण दोन्ही पर्याय तुमच्यापुढं असायला हवेत.

जिवाला धोका किती? अनुभवी ठिकाणी शंभरात एकापेक्षा बराच कमी. पण तो का असतो ते समजून घ्या. बाळाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिलिलिटर रक्त असतं. साडेसहा किलोच्या बाळात सगळं मिळून जेमतेम अर्धा लिटर. मोठ्या माणसाचं जेवढं रक्त सहज चालून जातं, तेवढं गेलं तर या बाळाला ते झेपत नाही. म्हणून अशा ऑपरेशनात रक्त हाताशी लागतं, आणि तान्ह्या बाळांना भूल देण्याचा सराव असलेला भूलतज्ज्ञ लागतो. तुम्ही विचारायचं ते एवढंच : तान्ह्या बाळांची अशी ऑपरेशनं इथं नेहमी होतात का, मेंदूच्या सर्जनबरोबर प्लास्टिक सर्जन असतात का, मुलांचा वेगळा आयसीयू आहे का, रक्ताची सोय कशी. चांगले डॉक्टर या प्रश्नांना रागवत नाहीत. या वयात बाळाचं रक्त तसंही थोडं कमी असतं, तेव्हा हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घ्या आणि डॉक्टरांनी लोहाचे थेंब दिले तर चुकवू नका. सर्दी-खोकला झाला तर तारीख पुढं जाते, म्हणून पाहुण्यांची गर्दी आणि पापे घेणं थोडे दिवस थांबवा.

आणि आता खास तुमच्यासाठी. ऑपरेशनच्या सकाळी बाळाला उपाशी ठेवतात. आईचं दूध साधारण चार तास आधी बंद, वरचं दूध सहा तास आधी. बाळ रडून आकांत करेल. त्या वेळी सून विरघळेल, तुम्हीही विरघळाल. पण कोणीही पदराआड दोन चमचे दूध पाजू नका. पोटात दूध असताना भूल दिली तर ते उलटून फुप्फुसात जातं आणि त्यानं जीव धोक्यात येतो. चुकून पाजलं गेलंच तर लपवू नका, लगेच भूलतज्ज्ञांना सांगा. ते वेळ पुढं ढकलतील. त्या सकाळी बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायचं काम तुमचं. आईच्या अंगाला दुधाचा वास येतो, तिच्या कुशीत ते जास्त रडतं.

उघडं ऑपरेशन झालं तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाळाचा चेहरा सुजतो. पापण्या इतक्या फुगतात की डोळे उघडत नाहीत. बघणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो. पण ही सूज अपेक्षित असते, पुढच्या काही दिवसांत उतरते आणि डोळे उघडतात. हे सुनेला आधीच सांगून ठेवा, आणि व्हिडिओ कॉलवर बघणाऱ्या पाहुण्यांनाही. त्या दिवसांत तिला रडणाऱ्या माणसांची नाही, गरम जेवणाची आणि दोन तास झोपेची गरज असते. ती अंगावर पाजतीय, हे विसरू नका.

जावळाचं सर्जनना आधीच सांगून ठेवा. ऑपरेशनला सगळे केस काढायची गरज बहुतेक वेळा नसते, छेदापुरती पट्टी काढतात. आधी देवाला जाऊन आलात तरी चालेल, फक्त त्यासाठी तारीख पुढं ढकलू नका, आणि डोक्याला वस्तऱ्याचा ओरखडा अजिबात नको, कातरीनंच केस घ्या. ऑपरेशननंतर जायचं असेल तर जखम पूर्ण भरून डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय नको.

पैशाचं. बाग विकायचा किंवा सावकाराकडं जायचा विचार लगेच करू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. योजनेची मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते, नंतर नाही. शिधापत्रिका, आधार आणि बाळाचा जन्मदाखला तयार ठेवा. लहान मुलांच्या जन्मजात दोषांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या पथकाकडून किंवा सांगलीच्या सिव्हिलमधून बाळाची नोंद करून घ्या. योजनेत नाही बसलं तर धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो आत्ताच काढायला टाका. पुण्यात जमलं नाही तर मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया हे खास मुलांचं रुग्णालय आहे. मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई.

पुढं बाळ शाळेत कसं असेल, हेही तुमच्या मनात असणार. एकच सांधा जुळलेली बहुतेक मुलं इतर मुलांसारखीच वाढतात, शिकतात. काहींना बोलायला किंवा अभ्यासात थोडी मदत लागते. म्हणून ऑपरेशन झालं, सुटलो, असं नाही. डोकं वाढतंय तोवर, म्हणजे पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत, ठरलेल्या तारखांना सर्जनना आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवत राहा.

घरी आल्यावर जखमेला हळद, अंगारा, तेल काहीही लावायचं नाही. बाळाला ताप आला, जखमेतून पाण्यासारखं काही झिरपलं, ती लाल होऊन फुगली, उलट्या थांबेनात, बाळ नेहमीपेक्षा झोपाळू झालं, टाळूची जागा टेकवून बसवल्यावरही फुगलेली दिसली, तर सकाळची वाट बघू नका. तसंच सांगली-मिरजेत मुलांच्या डॉक्टरांकडं आणा आणि ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांना तिथूनच फोन लावायला सांगा. सुटी देतानाच त्यांचा नंबर कागदावर मागून घ्या आणि तो घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये घाला, दीरांच्याही.